स्पीडब्रेकर आला कुठून? सेंट लुइस, डेल्फ्ट आणि आमची गल्ली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इअरफोन हरवलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आज किल्ला नाही, तह नाही, लढाई नाही. आज स्पीडब्रेकरचा इतिहास. सरकारी मराठीत गतिरोधक. हसू नका, कारण मीही आधी हसलोच असतो. पण गेल्या दिवाळीच्या आधी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

तर झालं असं. रात्रीचे साडेनऊ. मी आणि आई स्कूटरवरून घरी येत होतो. आई मागे, एका हातात पणत्यांची पिशवी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दिवा आहे, तो त्या दिवशी बंद होता. सकाळी ऑफिसला गेलो तेव्हा रस्ता सपाट होता. रात्री आलो तर त्यावर काळ्या डांबराचा काळाच उंचवटा. पट्टे नाहीत, पाटी नाही. माझा वेग तीसच्या आसपास असेल. स्कूटर उडाली, मी कशीबशी सावरली, आणि मागं वळून बघतो तर आई रस्त्यावर. पणत्यांचा चुरा. मनगट मोडलं. दिवाळीभर प्लास्टर.

आता मुद्द्याची गोष्ट. तो स्पीडब्रेकर व्हावा म्हणून कॉलनीत जो कागद फिरला होता, त्यावर माझी सही होती. अकरावी. दोनशे रुपये वर्गणीही दिली होती.

सही का केली, तेही सांगतो. ऑगस्टमध्ये समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा नातू, वय वर्षं सात, बॉलच्या मागं गल्लीत आला आणि एका बाइकनं त्याला उडवलं. पाय मोडला. आमची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडते, त्यामुळं सिग्नल चुकवायचा असला की सगळे आतून घुसतात. पोरगा वाचला, पण त्या दिवसापासून काकू गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि जोरात जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडतात. मग मीटिंग झाली, कागद फिरला, वर्गणी झाली. जवळच कुठंतरी डांबराचं काम चालू होतं, तिथल्या मुकादमाला गाठलं, आणि एका दुपारीत काम उरकलं. परवानगी वगैरे कुणी विचारली नाही. मीही नाही.

म्हणजे एका बाजूला काकूंचा नातू, दुसऱ्या बाजूला माझी आई, आणि मधे मी, दोनशे रुपये देऊन. आई झोपल्यावर रात्री मी लॅपटॉप उघडला आणि शोधायला लागलो की ही वस्तू मुळात आली कुठून.

सुरुवात सापडते १९०६ मध्ये. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात चॅटम नावाचं छोटं गाव आहे. मोटारी तेव्हा नव्या होत्या, श्रीमंतांचं खेळणं. शहरातले लोक गावातून धुरळा उडवत जायचे. गावानं ठरवलं की पायी रस्ता ओलांडायच्या पट्ट्या मूळ रस्त्यापेक्षा पाच इंच उंच करायच्या. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी काय होतंय ते बघायला लोक जमले होते. आपल्याकडं नवीन स्पीडब्रेकरवर पहिला कोण आपटतो ते बघायला कट्ट्यावरची पोरं बसतात ना, तेच. एकशेवीस वर्षांत तेवढं बदललेलं नाही.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. चॅटमच्या लोकांना गाड्या बंद करायच्या नव्हत्या. आपल्या रस्त्यावर चालायचा हक्क आपला आहे आणि गाडीवाला पाहुणा आहे, असं ते धरून चालले होते. रस्ता पायी माणसाचा, मुलांचा, फेरीवाल्याचा, घोड्यांचा. गाडीनं जपून यावं. हे तेव्हा अनेकांना सरळ वाटायचं.

मग हे उलटं कधी झालं? त्याचा एक टप्पा म्हणजे १९२३, ओहायोतलं सिनसिनाटी शहर. तिथल्या ४२,००० हून जास्त रहिवाशांनी सह्या करून एक मागणी केली. शहरातल्या प्रत्येक मोटारीत असं यंत्र बसवायचं की वेग ताशी २५ मैलांच्या, म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या वर गेला की इंजिन बंद पडेल. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. युजरवर भरवसा ठेवण्यापेक्षा मर्यादा सिस्टीममध्येच टाकायची. बेचाळीस हजार सह्या, आणि तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं! मोटारी विकणारे आणि मोटारींचे क्लब खडबडून जागे झाले. वेगावरच बंधन आलं तर मोटार घेणार कोण? त्यांनी जोरदार प्रचार केला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या मतदानात मागणी पडली.

त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेत बोलण्याची भाषाच बदलत गेली. रस्त्यात कुठूनही चालणारा माणूस हा अडाणी, गावंढळ, असं म्हणणारा शब्दच रूढ झाला. मुलांना शाळेत शिकवायला लागले की रस्ता गाड्यांचा, तुम्ही सांभाळा. आपल्यालाही शाळेत तेच शिकवलंय. डावीकडं बघा, उजवीकडं बघा. गाडीवाल्यानं काय बघायचं त्याचा धडा मला तरी आठवत नाही.

आता येतो या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. आर्थर कॉम्प्टन. बारावी सायन्सवाल्यांनी नाव ऐकलं असेल, कॉम्प्टन इफेक्ट. एक्स-रे इलेक्ट्रॉनवर आदळतो, थोडी ऊर्जा गमावतो आणि दिशा बदलून बाहेर पडतो. त्यासाठी त्यांना १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी ते आपल्या उपखंडात होते, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात. पुढं दुसऱ्या महायुद्धात ते शिकागोच्या त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, जिथं २ डिसेंबर १९४२ ला पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली गेली.

एवढा माणूस युद्धानंतर सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा प्रमुख झाला. ज्या प्रयोगावर नोबेल मिळालं, तो त्यांनी तरुणपणी याच विद्यापीठात केला होता. तर आवारातल्या ब्रुकिंग्ज हॉलसमोरून गाड्या सुसाट जातात, हे त्यांना दिसायचं. १९५३ मध्ये त्यांनी स्वतः बसून रस्त्यावरच्या उंचवट्याचं डिझाइन केलं. त्याला त्यांनी नाव दिलं वाहतूक नियंत्रण उंचवटा. आदळा, थोडी ऊर्जा गमवा, पुढं जा. मला तर वाटतं हा कॉम्प्टन इफेक्टच, फक्त इलेक्ट्रॉनच्या जागी सिमेंट.

मजा बाजूला ठेवू. कॉम्प्टननी जे ओळखलं ते महत्त्वाचं आहे. पाटी लावली तर वाचणारा वाचतो, न वाचणारा नाही. पोलीस उभा केला तर तो जेवायला जातो. रस्त्याचा आकार मात्र चोवीस तास कामावर असतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये याला झोपलेला पोलीस म्हणतात. रशियनमध्येही आडवा पडलेला पोलीसच.

यानंतर गोष्ट युरोपात जाते आणि तिथं ती फार गंभीर होते. आज नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला सायकली आठवतात. पण १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी त्यांतलीच एक. १९७२ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं, मराठीत सांगायचं तर, 'बालहत्या थांबवा'. शीर्षकात त्यानं अपघात नाही, हत्या म्हटलं. त्या शीर्षकाच्या नावानं चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर आले, रस्ते अडवले, मुलांना भर रस्त्यात खेळायला बसवलं.

त्याच काळात डेल्फ्ट शहरात वेगळा प्रयोग चालू होता. डेल्फ्टमध्ये १९७० च्या सुमाराला रस्त्यावर उंचवटे आले, युरोपातले अगदी सुरुवातीचे. पण तिथले इंजिनियर आणि रहिवासी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सबंध गल्लीच बदलली. सरळ रस्ता वाकडा केला, मधे झाडं आणि बाक आणले, फुटपाथ आणि रस्ता यांतली पायरी काढून टाकली. गाडी येऊ शकते, पण चालण्याच्या वेगानं. याला डच भाषेत वोनर्फ म्हणतात, म्हणजे राहण्याचं अंगण. १९७६ मध्ये त्याला कायद्यात जागा मिळाली. अंगण हा शब्द मला फार आवडला. आजोळी आमच्या दारातून बैलगाडी जायची तेव्हा गाडीवान बैलांना आवरून, हाक देऊन जायचा. अंगणातून जायची रीत तशी असते.

नेदरलँड्समध्ये आता वर्षाला रस्त्यांवर जाणारे जीव सहाशे ते साडेसातशेच्या घरात आहेत. हे सगळं काही उंचवट्यांमुळं झालं नाही. सायकलींचे वेगळे मार्ग, सीटबेल्ट, हेल्मेट, चांगल्या गाड्या, कडक कायदे, सगळ्यांचा हात आहे. पण सुरुवात कुठं झाली, तर आपल्या दारासमोरच्या रस्त्याकडं बघून हे असं चालणार नाही म्हणणाऱ्या आईबापांपासून. आमच्या काकूंपासून म्हणा ना.

आता जरा कागद-पेन घ्या. कारण इथून पुढं आमच्या गल्लीचा निकाल लागणार आहे.

१९७३ मध्ये इंग्लंडमधल्या सरकारी रस्ता संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकानं एक अहवाल लिहिला. त्यानं वेगवेगळ्या आकारांचे उंचवटे तयार केले, त्यांवरून वेगवेगळी वाहनं नेली आणि आत बसलेल्यांना किती त्रास होतो ते नोंदवलं. त्यातून एक विचित्र गोष्ट कळली. उंचवटा अरुंद असेल तर गाडी जितकी जोरात जाते, तितका कधीकधी त्रास कमी होतो! चाक उडतं, स्प्रिंग ते पोटात घेते, आणि आतल्या माणसाला कळायच्या आत उंचवटा मागं पडतो. म्हणजे अरुंद उंचवटा सावकाश जाणाऱ्याला शिक्षा करतो आणि जोरात जाणाऱ्याला सोडून देतो.

म्हणून त्यानं उलटं केलं. उंचवटा पसरट केला. गाडीच्या दिशेनं १२ फूट लांब, मधोमध ४ इंच उंच, आणि वरचा आकार एका मोठ्या वर्तुळाच्या तुकड्यासारखा. अशा उंचवट्यावर वेग वाढला की त्रास वाढतच जातो, आणि सावकाश गेलं तर जवळजवळ जाणवत नाही. १९७५ मध्ये ऑक्सफर्डच्या कडसडन वे नावाच्या रस्त्यावर तो खऱ्या रहदारीत टाकून पाहिला. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचे रीतसर नियम झाले.

आता भारतात या. आपल्याकडं रस्ते कसे बांधायचे याची मानकं ठरवते इंडियन रोड्स काँग्रेस. राजकीय पक्षाशी संबंध नाही, इंजिनियरांची संस्था आहे, १९३४ मध्ये स्थापन झालेली. ती स्थापन झाली एका समितीच्या शिफारशींमुळं, आणि १९२७ मध्ये नेमलेल्या त्या समितीचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हो, तेच. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात तुमच्यातल्या कित्येकांनी एसीसाठी का होईना, तास काढले असतील. पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी बाजूला ठेवायचा केंद्रीय रस्ते निधी, तोही याच समितीच्या शिफारशीतून आला.

तर याच संस्थेनं १९८८ मध्ये स्पीडब्रेकरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. क्रमांक ९९. त्यात काय लिहिलंय? रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर, ओलांडायचा वेग ताशी २५ किलोमीटर. बारा फूट म्हणजे ३.७ मीटर. चार इंच म्हणजे १० सेंटीमीटर. वॉट्सचाच उंचवटा की हो! शिवाय हे फक्त छोट्या रस्त्यांसाठी, वर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी सूचनेची पाटी हवी. २०१८ मध्ये याची सुधारित आवृत्ती आली, त्यात नुसता स्पीडब्रेकर न राहता रस्त्यावरचा वेग शांत करायचे इतर उपायही आले.

आता गणित. गोल उंचवट्यावरून जाताना माथ्यावर आपण हलके होतो, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं. किती हलके? वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. वर्ग ४८, भागिले १७, म्हणजे २.८. गुरुत्वाकर्षण ९.८. म्हणजे वजन सुमारे २९ टक्के हलकं वाटणार. चालून जातंय. आता हेच ९.८ केव्हा होईल? ताशी ४६ च्या आसपास. तेव्हा माथ्यावर वजन शून्य, त्यापुढं चाक रस्ता सोडणार. स्प्रिंग, टायर हे सगळं यात धरलेलं नाही, पण अंदाज येतो. पंचवीसला आरामात आणि पन्नासला हवेत. आकार असा निवडलाय की सज्जन माणसाला त्रास नाही.

मग एका रविवारी सकाळी मी मेजरिंग टेप घेऊन गल्लीत गेलो. काकू गॅलरीतून विचारतात, "काय रे, काय मोजतोस?" म्हटलं, "काकू, आपला स्पीडब्रेकर." रुंदी निघाली ६० सेंटीमीटर. उंची १४. यावरून वर्तुळाची त्रिज्या काढता येते. ती आली ३९ सेंटीमीटर.

सतरा मीटरच्या जागी ३९ सेंटीमीटर. कल्पना करा. सतरा मीटर त्रिज्येचा गोल आमच्या अख्ख्या बिल्डिंगपेक्षा मोठा होतो, त्याचा वरचा पातळ काप रस्त्यावर ठेवायचा होता. आम्ही त्या जागी पाण्याचा एक मोठा ड्रम आडवा पुरल्यासारखं केलं होतं. तेच गणित इथं घातलं, स्कूटरच्या चाकाचा आकारही धरला, तरी ताशी ९ किलोमीटरच्या आतच चाक उडायची वेळ येते. नऊ म्हणजे सावकाश धावणारा माणूस. मी तीसनं होतो.

त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की चूक माझी नव्हती, आकाराची होती. मग लगेच आठवलं की तो आकार आमच्याच पैशांचा होता. आणि मी तर इंजिनियर. ऑफिसात बटणाचा रंग बदलायचा तर मी स्पेक मागतो. इथं लोकांची हाडं जिथून जाणार, तिथं मी विचारलंही नाही की किती उंच, किती रुंद.

आमच्यासारखे किती असतील? केंद्र सरकारच्याच आकडेवारीत २०१५ या एका वर्षात स्पीडब्रेकरशी जोडलेल्या अपघातांत तीन हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयानं राष्ट्रीय महामार्गांवरचे स्पीडब्रेकर काढायला सांगितलं. जीव वाचवायला केलेली वस्तू जीव घेते, तेही हजारांनी.

मग काढूनच टाकायचे का? आमच्या कॉलनीतही नंतर मीटिंगमध्ये हाच प्रश्न आला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले की रात्री मोकळा टेम्पो गेला की खडखडाटानं झोप मोडते. रिक्षावाले काका म्हणाले, "तुमचं ठीक आहे, आमच्या पाठीचं बघा, दिवसातून वीस वेळा." एका ताईंना नववा महिना होता, त्यांना लांबच्या रस्त्यानं जावं लागत होतं. कुणीतरी अॅम्ब्युलन्सचं काढलं. तो मुद्दा खोटा नाही. लंडनमध्ये २००३ साली अॅम्ब्युलन्स सेवेच्या अध्यक्षांनीच जाहीर तक्रार केली होती की या उंचवट्यांमुळं गाड्यांना उशीर होतो आणि माणसं दगावतात. त्यावर तिथं बराच वाद झाला.

पण दुसरी बाजूही आकड्यांत आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या मुलांच्या घराजवळ स्पीड हंप आहे, त्यांना गाडीनं धडकून इजा होण्याची शक्यता निम्म्याहून कमी होती. तिथले हंप पसरट, नियमानं बांधलेले. आणि खुद्द लंडनमध्ये, जिथं अॅम्ब्युलन्सवाले ओरडत होते, २००९ मध्ये वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ताशी २० मैलांची मर्यादा आणि ती पाळायला लावणारे उंचवटे वगैरे असलेल्या भागांत जखमी आणि मृतांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. कारण साधं आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. पंचवीसच्या जागी पन्नास म्हणजे दुप्पट मार नाही, चौपट मार.

जाता जाता एक गंमत. ब्रिटनमध्येच डॉक्टरांनी २०१२ मध्ये अभ्यास केला, की हॉस्पिटलला येताना स्पीडब्रेकरवर पोटात दुखणं वाढलं का, असं रुग्णाला विचारायचं. ज्यांचं अपेंडिक्स खरंच सुजलेलं निघालं अशा ३४ पैकी ३३ जणांनी हो म्हटलं होतं. म्हणजे अपेंडिक्सलाही स्पीडब्रेकरबद्दल मत आहे!

तर मीटिंग. मी माझं गणित मांडलं. कागदावर दोन आकार काढून नेले होते, एक १७ मीटरचा, एक आमचा. म्हटलं हा काढू आणि नियमाप्रमाणं नवीन करायचा अर्ज देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू सोडून.

काकू म्हणाल्या, "नवीन कधी होणार?"

मी म्हटलं, अर्ज, मग पाहणी, मग मंजुरी, दोन-तीन महिने तरी.

"मग तीन महिने काय करायचं? हा काढला की उद्यापासून पुन्हा सुसाट. तुझं गणित बरोबर असेल रे. पण तीन महिने पोराला घरात कोंडून ठेवू का मी?"

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या कागदावर तीन महिन्यांचं गणित नव्हतं. मी आईकडं पाहिलं. वाटलं, ती तरी म्हणेल की काढा, कारण सगळ्यात जास्त मार तिनं खाल्लाय. ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली होती.

आई म्हणाली, "काढू नका. मला दिसला नाही म्हणून मी पडले. तो दिसेल असं करा आधी."

तेवढ्यावर मीटिंग संपली. त्याच संध्याकाळी पांढरा ऑइल पेंट आणला. काकूंच्या नातवानं ब्रश धरला, पाय अजून थोडा ओढत होता. पट्टे वाकडेतिकडे आलेत, पण दुरून दिसतात. अलीकडं-पलीकडं पाट्या लावल्या, 'पुढे गतिरोधक आहे'. कडेचे दोन्ही उतार एका गवंड्याला सांगून सिमेंटनं लांबवून घेतले. तो अजूनही नियमाचा नाही, पण ड्रम राहिला नाही. गल्लीतल्या दिव्याची तक्रार तीन वेळा केली, तिसऱ्या वेळी दिवा लागला. आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला, सोबत आकृती जोडली, ३.७ मीटर आणि १० सेंटीमीटर असं मापांसकट. या वेळी सह्या घेताना प्रत्येकाला ती आकृती दाखवली. पहिली सही आईची आहे, डाव्या हातानं केलेली.

हा एपिसोड रेकॉर्ड करतोय तोवर उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी मी चक्कर मारतो. काकू गॅलरीतून विचारतात, "झालं का रे?" मी मान हलवतो. त्यांना माझा अजूनही थोडा राग आहे असं मला वाटतं, आणि तो असू दे.

आईचं प्लास्टर निघालंय. परवा पहिल्यांदा पुन्हा माझ्या मागं बसली. पट्टे दिसायला लागले तसं तिनं माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. मी वेग इतका कमी केला की मागून सायकलवाल्या पोरानं घंटी वाजवली. ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, "एवढं हळू नको. पाय टेकवत चाललास नुसता."

तर मंडळी, या आठवड्यात तुम्हाला काम. तुमच्या दारासमोरचा स्पीडब्रेकर मोजा. रुंदी, उंची, पट्टे आहेत का, पाटी आहे का. आकडे आणि फोटो पाठवा, पुढच्या एपिसोडच्या शेवटी वाचून दाखवेन. मोजताना रहदारीकडं लक्ष ठेवा, आणि एकटे जाऊ नका. भेटू पुढच्या शनिवारी.